साठातून पंचेचाळीस वजा होत नाहीत

पत्र: "नमस्कार. मी ३७ वर्षांचा, पत्नी ३५ वर्षांची, मुलगी चार वर्षांची. आम्ही दोघंही नोकरी करतो. कंपनीने मला तीन वर्षांसाठी दुसऱ्या देशातल्या ऑफिसात जाण्याबद्दल विचारलं आहे. (देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या ऑफिसात हे सदर वाचणारे आहेत.) पगार आजच्या विनिमय दराने ६० टक्क्यांनी जास्त आहे. इंटरनेटवर दोन शहरांची तुलना केली तर ते शहर ४५ टक्के महाग निघालं. म्हणजे निव्वळ १५ टक्के फायदा. तिथे गेलेला एक सहकारी म्हणतो, सगळं दुप्पट आहे, येऊ नकोस. दुसरा म्हणतो, मी दोन वर्षांत कर्ज फेडलं. पत्नीला तिथे काम करता येईल की नाही ते अजून कळलेलं नाही, पण ती नोकरी सोडायला तयार आहे. सोबत आमचा महिन्याचा जमाखर्च जोडला आहे. उत्तर महिन्याभरात द्यायचं आहे. कुठला आकडा खरा धरू? — एक वाचक"

नमस्कार.

जमाखर्च जोडलात हे फार बरं केलंत. अशी पत्रं येतात त्यांत बहुतेकांना पगार तोंडपाठ असतो आणि खर्च "होतो काहीतरी" असा असतो. मी काही वर्षं एका कंपनीत बाहेरदेशी जाणाऱ्यांचे पगार बसवायचं काम केलं, स्वतःही दोन देशांत राहून आले, त्यामुळे तुमचा कागद पाहिल्यावर सवयीने आधी पेन्सिल हातात घेतली. तुमचे खरे आकडे इथे छापत नाही. तुमचा आज हातात येणारा पगार १०० धरते आणि बाकी सगळं त्याच मापाने मोजते.

त्या मापात तुमचे १००, पत्नींचे ६५, घरात येतात १६५. घरकर्जाचा हप्ता २५. आईवडिलांना देता ते आणि विम्याचे हप्ते मिळून १५. रोजचं जगणं ६०, त्यातले १२ एकट्या गाडीचे. शिल्लक ६५. मुलगी दिवसभर आजीआजोबांकडे असते, त्याचा खर्च शून्य. या शून्याकडे नंतर परत येऊ.

आधी तुमची वजाबाकी. ६० टक्के वाढीतून ४५ टक्के महागाई वजा होत नाही. १६० ला १.४५ ने भागायचं असतं, आणि ते येतं ११०. म्हणजे १५ नव्हे, १० टक्के. पण थांबा, हेही चूकच आहे. महागाई पगाराला लागत नाही, खर्चाला लागते. तुमचं रोजचं जगणं ६० चं, ते ४५ टक्क्यांनी वाढून ८७ होईल. म्हणजे ६० जास्त येणार आणि २७ जास्त जाणार, हातात ३३. कागदावर फायदा दुपटीहून जास्त झाला. कर्ज फेडणारा तुमचा सहकारी खोटं बोलत नसणार, त्याने बहुधा पगाराचा मोठा भाग शिल्लक टाकला असेल. कमी खर्च करणाऱ्याला महाग देश कमी महाग पडतो.

एवढ्यावर कंपनीला होकार कळवू नका. पुढचं सगळं या ३३ ला कुरतडणारं आहे.

तो ४५ टक्क्यांचा आकडा कुठून आला ते पाहा. नंबिओसारख्या साइटवर लोकांनी स्वतःहून भरलेल्या किमती असतात आणि राहणीमानाचा जो निर्देशांक ठळक दिसतो त्यात घरभाडं धरलेलं नसतं. भाड्यासकटचा आकडा वेगळा दिलेला असतो, पण माणूस पहिल्यावरच थांबतो. मर्सरसारख्या सल्लागार संस्था कंपन्यांसाठी दोनशेहून जास्त वस्तू आणि सेवांच्या किमती गोळा करतात. संयुक्त राष्ट्रं आपल्या कर्मचाऱ्यांना ठिकाणाप्रमाणे जो वाढीव भत्ता देतात त्याचंही असंच गणित असतं. गंमत म्हणजे या तिन्हींत न्यूयॉर्क हा पाया. न्यूयॉर्क म्हणजे १००, बाकी जग त्याच्या वर किंवा खाली. शिवाय मर्सरची तुलना डॉलरमध्ये होते, त्यामुळे एखाद्या शहरात एकाही वस्तूची किंमत न बदलता ते नुसत्या विनिमय दरामुळे यादीत वर चढतं किंवा खाली येतं. अमुक शहर जगातलं सगळ्यात महाग झालं अशी बातमी दिसली की आधी त्या वर्षी तिथलं चलन वधारलं होतं का ते बघावं.

आकडे नीट गोळा केले तरी एक पेच राहतोच, तो टोपलीचा. तुम्ही आज जे घेता त्याच वस्तू, त्याच प्रमाणात, नव्या देशात घ्यायला गेलात तर तो देश महाग निघतो, कारण तुमची टोपली तुमच्या देशातल्या स्वस्ताईप्रमाणे भरलेली आहे. उलट तिथल्या माणसाची टोपली तुमच्या शहरात घेऊन आलात तर तुमचं शहर महाग निघेल. दोन्ही उत्तरं बरोबर. अलेक्झांडर गर्शेनक्रॉन या अर्थशास्त्रज्ञाने हा घोळ दाखवला, म्हणून त्याला गर्शेनक्रॉन परिणाम म्हणतात. "सगळं दुप्पट" म्हणणारा तुमचा सहकारी, माझा अंदाज, अजून जुनीच टोपली घेऊन दुकानात जातोय. तिथे राहणारे जे खातात, ज्याने प्रवास करतात, सुटीत जे करतात, तिकडे माणूस सरकायला साधारण वर्ष घेतो. तोवर तो महागात राहतो.

टोपली हाच सगळ्या तुलनेचा गाभा आहे, आणि मोठ्या संस्थांनाही तो सुटायला सोपा गेलेला नाही. क्रयशक्तीची समता, म्हणजे दोन चलनांत खरेदी किती होते ते पाहून दर ठरवायचा, हे नाव स्वीडनच्या गुस्ताव कॅसल यांनी १९१८ मध्ये दिलं. प्रत्यक्ष देशोदेशीच्या किमती गोळा करून हे मोजायचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प सुरू व्हायला १९६८ उजाडलं. आता तो जागतिक बँकेकडे आहे. २०२१ च्या फेरीचे निकाल मे २०२४ मध्ये आले, त्यात १७६ अर्थव्यवस्था होत्या. पण तो आकडा अख्ख्या देशाच्या टोपलीचा असतो. तुमच्या घरात चार वर्षांची मुलगी आहे, हे त्याला ठाऊक नाही.

तेव्हा टोपली तुमची तुम्हालाच भरायची आहे. ती भरताना एक भेद सांभाळा, कारण सरासरीच्या ४५ मध्ये तो पार बुडून जातो. फोन, लॅपटॉप, कपडे, म्हणजे जे जहाजात भरून कुठेही नेता येतं, ते दोन देशांत कर वगळता फार वेगळं पडत नाही. केस कापणं, नळ दुरुस्त करणं, घर साफ करणं, मूल सांभाळणं, म्हणजे ज्यात माणसाचे तास लागतात, त्यात मात्र तिप्पट-चौपट फरक असू शकतो. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन यांनी १९६४ मध्ये, वेगवेगळं लिहून, याचं कारण मांडलं. श्रीमंत देशात कारखान्यातला कामगार तासाला जास्त माल काढतो म्हणून त्याचा पगार मोठा, आणि न्हाव्याला आपल्या धंद्यात टिकवायचं तर त्यालाही त्याच बाजारातला पगार द्यावा लागतो, कात्री मात्र दोन्हीकडे सारखीच चालते. तुमच्या ६० पैकी किती पैसे वस्तूंवर जातात आणि किती माणसांच्या तासांवर, हे वेगळं काढा. संध्याकाळी तासभर लागेल, पण इंटरनेटवरच्या कुठल्याही तुलनेपेक्षा तो तास जास्त सांगून जाईल.

आता तो शून्य. मुलीला आजीआजोबा सांभाळतात म्हणून तुमच्या कागदावर मूल सांभाळण्याची ओळच नाही. निर्देशांक कितीचाही असो, शून्याला गुणलं की शून्यच येतं. तिथे मात्र ती ओळ उघडेल आणि ती माणसाच्या तासांची आहे. घराचंही तेच. इथे स्वतःचं घर, त्यामुळे भाडं शून्य. तिथे भाडं लागेल आणि इथला हप्ता चुकणार नाही. माझ्या जुन्या कामात सगळ्यात जास्त रडारड याच दोन ओळींवरून व्हायची. माणसं महिनोन्महिने विचार करून येत आणि ज्या खर्चाचं आज बिल येत नाही तो नेमका विसरत.

पगाराकडेही जरा बघू. ६० टक्के जास्त, ते कपातीच्या आधी की नंतर? कंपनीच्या पत्रात आधीचाच आकडा असतो. आणि "हातात येणारा" हा शब्दसुद्धा दोन देशांत एका अर्थाचा नसतो. जर्मनीत सरकारी चौकटीतल्या आरोग्य विम्याचा तुमचा वाटा पगारातूनच कापला जातो आणि मुलांना त्यातच वेगळा हप्ता न देता सामावून घेता येतं. स्वित्झर्लंडमध्ये तो कापला जात नाही. आल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येकाला, लहान मुलालासुद्धा, विमा घ्यावाच लागतो आणि माणशी हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. म्हणून स्विस पगार हातात जाडजूड दिसतो. ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर जाणाऱ्याला आरोग्य अधिभार व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम, बहुतेकदा आगाऊ, भरायला लागतो, कुटुंबातल्या प्रत्येकाचा. संयुक्त अरब अमिरातीत पगारावर आयकर नाही, पण जे दुसरीकडे करातून येतं त्यातलं बरंच तिथे स्वतः विकत घ्यायचं असतं. दोन देशांचा हातातला पगार ताडून बघण्यात अर्थ नाही. पगारातून कर, विमा, भाडं आणि मूल हे चारही वजा केल्यावर जे उरतं ते ताडून बघा.

आणि आता तुमच्या पत्रातलं शेवटाकडचं वाक्य: "पण ती नोकरी सोडायला तयार आहे." हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. तुमच्या सगळ्या हिशेबातला सर्वात मोठा आकडा हाच आहे. तुमची वाढ ६० ची, त्यांचा पगार ६५ चा.

सगळं एकत्र मांडते. तिथले आकडे माझे अंदाज आहेत, तुम्ही खरे घाला. कर आणि कपात जाऊन १६० चे हातात १४० येतील असं धरू. इथलं घर भाड्याने दिलं तर देखभाल जाऊन १२. जमा १५२. इथले ४०, म्हणजे हप्त्याचे २५ आणि आईवडील-विम्याचे १५, चालूच राहणार. तिथलं भाडं ३८. जगणं, गाडी न ठेवता, आजच्या ४८ चे ७०. एकूण १४८. शिल्लक ४.

आज ६५ उरतात, तिथे ४ उरतील.

पत्नींना काम करता आलं, त्यांच्या हातात ६० आले आणि पाळणाघराला २० गेले, तर ४ चे ४४ होतील. तरीही आजच्या ६५ च्या खालीच. भाडं कंपनीने दिलं तर ८२, आणि पत्नींना काम नाही पण भाडं कंपनीचं, तर ४२. यातल्या कुठल्या खोलीत तुम्ही उभे आहात हे कळल्याशिवाय शहर ४५ टक्के महाग की ५० टक्के, यावर घालवलेला वेळ फुकट आहे.

त्यांना काम करता येईल का, हे त्या देशावर तर अवलंबून आहेच, पण तुम्हाला कुठला व्हिसा मिळतो त्यावर जास्त आहे. अमेरिकेचंच बघा. कंपनीच्या अंतर्गत बदलीवर, म्हणजे एल व्हिसावर गेलात तर जोडीदाराला, एल-२ चा दर्जा असेल तर, वेगळा परवाना न काढता काम करता येतं, २०२१ च्या नोव्हेंबरपासून. त्याच ऑफिसात, त्याच खुर्चीवर एच-१बी घेऊन गेलात तर एच-४ वरच्या जोडीदाराला परवाना लागतो, आणि तो तुमची ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली असेल तरच, असा साधारण नियम. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवर आलेल्या जोडीदाराला काम करायचं तर बहुतेकांना स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना असलेल्याच्या, जोडीदाराला कामाची मुभा असते. म्हणजे तुमच्या ४ आणि ४४ मधला फरक एचआरमधल्या कुणीतरी फॉर्मवर कुठल्या चौकोनात खूण केली त्यावर ठरू शकतो.

पैशापलीकडचंही आहे. तीन वर्षांचा खंड पडलेली नोकरी परत आल्यावर त्याच पायरीवर मिळत नाही. हे मी त्या बाजूने बोलत नाही, या बाजूनेही नाही. काही जणांना ती तीन वर्षं हवीच असतात. पण "तयार आहे" हा शब्द तुमचा आहे. हा कागद, ४ आणि ४४ सकट, त्यांच्यापुढे ठेवून त्यांचा शब्द कुठला निघतो ते ऐका.

विनिमय दराचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. माझा नियम साधा आहे आणि तो मला उशिरा सुचला. खर्च तिथल्या चलनात मोजायचा, शिल्लक आपल्या चलनात. मधल्या कशाचंही रूपांतर करायचं नाही.

तो कसा सुचला तेही सांगते. पहिल्यांदा बाहेर राहायला गेले तेव्हा ज्या घरात शिरले तिथे खोलीच्या छतातून दोन वायरी लोंबत होत्या. आधीच्या भाडेकरूने दिवे काढून नेले होते, तिथे तशीच रीत होती. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, एक साधा टेबल लँप उचलला, फोनवर आपल्या चलनात किंमत काढली आणि चटका बसल्यासारखा परत फळीवर ठेवला. असं तीनदा झालं. सहा आठवडे मी रात्री बाथरूमचं दार उघडं ठेवून त्या उजेडात दारापाशी खुर्ची घेऊन वाचत होते. पगार जमा झाला, तेव्हा सहज भागाकार केला: तो लँप म्हणजे माझ्या कामाची पन्नास मिनिटं. आपल्याकडे तसलाच लँप घ्यायला मला जवळपास दोन तास काम करावं लागलं असतं. म्हणजे जो मला महाग म्हणून घेववत नव्हता तो खरं तर मला तिथे निम्म्याहून स्वस्त पडत होता. त्याच आठवड्यात केस कापायला गेले आणि तिथे भागाकार उलटा निघाला. तेव्हापासून रूपांतर बंद, मिनिटं सुरू.

शिल्लक मात्र बदललीच पाहिजे, कारण ती परत येऊन इथे खर्च होणार आहे. महाग देशात कमावलेले ४ तिथे चार दिवसही पुरत नाहीत, इथे आणले की त्यांचं वजन वाढतं. तीन वर्षांनी परतणाऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. तिथेच स्थायिक होणाऱ्यासाठी तिला काही अर्थ नाही. आणि रूपांतराचा दर म्हणजे गूगलवर दिसतो तो नव्हे. तुमच्या खात्यात प्रत्यक्ष किती पडतात तो.

तुमचं गणित दराच्या बाबतीत जरा नाजूक आहे, कारण कमाई एका चलनात आणि कर्ज दुसऱ्या चलनात. तिथे १४० मिळाले, भाडं आणि जगणं मिळून १०८ गेले, उरले ३२. इथे दरमहा पाठवायचे आहेत २८, म्हणजे ४० मधून इथल्या घराच्या भाड्याचे १२ वजा करून. आता तिथलं चलन १५ टक्क्यांनी घसरलं समजा. तिथे राहून काही जाणवणार नाही, भाडं तेच, बस तीच. पण ३२ चे इथे २७ होतील आणि हप्त्याला कमी पडतील. दर एवढे फिरतात का? १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरोच्या तुलनेत फ्रँक ठरावीक पातळीपेक्षा वधारू नये म्हणून घातलेली मर्यादा एका निवेदनाने काढून टाकली आणि फ्रँक काही मिनिटांत उसळला. फ्रान्समध्ये किंवा जर्मनीत राहून रोज सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमध्ये नोकरीला जाणाऱ्यांचा पगार त्या सकाळी घरबसल्या वाढला. पोलंडमध्ये ज्यांनी कमी व्याज म्हणून फ्रँकमध्ये गृहकर्ज घेतलं होतं, त्यांचं कर्ज त्याच सकाळी फुगलं. त्यांच्यापैकी कुणाच्याही शहरात त्या दिवशी काही महाग किंवा स्वस्त झालं नव्हतं. म्हणून म्हणते, तुमचा तक्ता आजच्या दराने करा, मग १५ टक्के खालच्या दराने करा, आणि दुसऱ्यातही हप्ता निघतो का ते बघा. निघत नसेल तर निघण्यापूर्वी सहा महिन्यांचे हप्ते बाजूला टाकून जा.

सुरुवातीचा एकरकमी खर्च लोक पहिल्या महिन्यात धरतात आणि घाबरतात, किंवा धरतच नाहीत. तो ३६ ने भागून दर महिन्याला लावा. डिपॉझिट हा त्यातला मोठा भाग. जर्मनीत कायद्याने ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि तीन हप्त्यांत द्यायची मुभा आहे. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी डिपॉझिटशिवाय मालकाला "रेइकिन" देतात, ते परत मिळत नाही. परत मिळणारं डिपॉझिट हा खर्च नव्हे, अडकलेला पैसा, पण निघायच्या वेळी तो सगळा सुटेलच असं धरू नका. माझ्या एका घरमालकाने भिंतीवरच्या चार भोकांसाठी जे कापलं त्यात भिंत नवी झाली असती.

निवृत्तीच्या फंडाबद्दल थोडक्यात. तिथे पगारातून पेन्शनसाठी कापलेले पैसे म्हणजे बचत, असं समजून चालू नका. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन मिळायला ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम लागतं. ब्रिटनच्या नव्या स्टेट पेन्शनला सहसा किमान १० वर्षं, जर्मनीत ५. तुमचा करार ३ वर्षांचा. दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा करार असेल तर ही वर्षं जोडली जाऊ शकतात, किंवा सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज घेऊन तुम्ही इथल्याच योजनेत राहू शकता आणि तिथली कपात वाचते. करार आहे की नाही हे एचआरला विचारायला लाजू नका, त्यांनाही शोधावं लागतं.

आता कंपनीशी काय बोलायचं. "पगार अजून वाढवा" म्हणू नका, ते दार सहसा बंद असतं. तुम्हाला असाइनमेंटवर, म्हणजे इथले कर्मचारी म्हणूनच तात्पुरतं, पाठवताहेत की लोकल टर्म्सवर, म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यासारखं तिथल्या अटींवर, हे विचारा. असाइनमेंट असेल तर कंपन्या बहुतेकदा ताळेबंदाची पद्धत वापरतात: इथलं राहणीमान तिथे कायम राहावं एवढा फरक भरून द्यायचा. त्यात कोला येतो, कॉस्ट ऑफ लिव्हिंग अलाउन्स, आणि तो सहसा अख्ख्या पगारावर नसतो, खर्च होणाऱ्या भागावरच असतो, आपण वर काढला तसा. तो कुठला निर्देशांक धरून काढलाय आणि वर्षातून किती वेळा बदलतो ते विचारा, कारण दर फिरला की कोला खालीही येतो. टॅक्स इक्वलायझेशन आहे का, म्हणजे कराचा फरक कंपनी सोसते का, ते विचारा. लोकल टर्म्स असतील तर यातलं काहीच आपोआप मिळत नाही. तेव्हा भाडं, पाळणाघर आणि वर्षातून एकदा घरी यायची तिकिटं, एवढ्यावर जोर लावा. तुमच्या तक्त्यात भाड्याची एक ओळ ३८ ची आहे. पगारवाढ मागितलीत तर ३८ हातात पडायला कंपनीला ३८ पेक्षा बरेच जास्त द्यावे लागतील, कारण मध्ये कर आहे. भाडं थेट कंपनीने भरलं तर काही देशांत त्यावर कर कमी लागतो, काहींत पूर्ण लागतो. हेही त्यांनाच विचारा.

त्या दोन सहकाऱ्यांना परत फोन करा, पण "महाग आहे का" हे विचारू नका. पहिल्याला विचारा, घरी कमावणारे किती. दुसऱ्याला विचारा, भाडं कोण भरत होतं. माझी पैज आहे की त्यांच्या दोन उलट्या उत्तरांचं कारण या दोन प्रश्नांत सापडेल.

महिन्याची मुदत म्हणालात, पत्र माझ्याकडे येऊन आठवडा झाला. व्हिसाच्या प्रकाराचं उत्तर मिळायला सर्वात जास्त वेळ लागतो, तेव्हा तो ईमेल आज पाठवा, आणि उत्तर लेखी मागा. तोंडी "स्पाउसला प्रॉब्लेम येत नाही" म्हणाले तर त्याची किंमत तुमच्या मापात ४० आहे, म्हणून तेवढं लेखीच हवं. ते येईपर्यंत दोघं बसून ६० ची फोड करा, वस्तू एकीकडे, माणसांचे तास एकीकडे.